लोहयुक्त झऱ्याचे पाणी बाटलीत तांबूस होऊ नये म्हणून

संरक्षित डोंगराळ भागातील खनिजयुक्त झऱ्याचे पाणी भरताना काचेसारखे नितळ दिसते. पण काही तासांतच ते गढूळ होते, तळाशी तांबूस गाळ बसतो आणि नैसर्गिक बुडबुडेही निघून जातात. पाण्यात विरघळलेल्या लोहाचा हवेशी संबंध आला की हा गाळ तयार होतो, त्यामुळे बाटलीत हवा राहू न देणे हाच यावरचा सोपा उपाय आहे. (झऱ्याच्या मुखाशी दगडांवर गंजासारखा थर दिसला, तर पाणी लोहयुक्त असल्याचे समजावे, तो थर मात्र खरवडू नये.)

काच फुटण्याचा धोका असल्यामुळे घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी आणि ती त्याच पाण्याने विसळून, विसळलेले पाणी झऱ्यापासून दूर ओतावे. नंतर बाटली तिरकी धरून धार आतल्या बाजूवरून हळूहळू सोडावी, म्हणजे पाणी खळखळत नाही आणि त्यातील वायू टिकून राहतो. पाणी गळ्यापर्यंत आल्यावर बाटली किंचित दाबून ते थेट काठाशी आणावे व त्याच स्थितीत झाकण लावावे. पुढे ती कापडात गुंडाळून सावलीत, थंड ठेवावी. एकदा उघडल्यावर पाणी तांबूस होणारच, म्हणून एका मोठ्या बाटलीपेक्षा लहान बाटल्या मला अधिक सोयीच्या वाटतात.

पाणी नितळ राहिले म्हणजे ते पिण्यायोग्य आहे, असे समजू नये. ते प्यावे का आणि किती न्यावे, याविषयी वनविभागाच्या फलकावरील सूचनाच प्रमाण मानाव्यात.