शॉर्टवाल्यांच्या नावाने खडे फोडण्याआधी : या चुका टाळा

छोट्या कंपनीचा शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्यात खालच्या मर्यादेला, चिकटला की आमच्या म्हापशाच्या ऑफिसातला फोन ठरलेला. "भाई, शॉर्टवाल्यांनी पाडला." शॉर्टवाले म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकून, भाव पडल्यावर स्वस्तात परत घेणारे. हाच शेअर महिनाभर अपर सर्किट (वरची मर्यादा) मारत होता, तेव्हा तो कोण चढवतंय असं विचारायला कोणाचाही फोन आलेला नसतो. माझा सगळा राग तिथे आहे. छोट्या शेअरमध्ये लबाडी होत नाही असं मी म्हणत नाही. होते, भरपूर होते. पण संशय घ्यायचा तो भाव चढताना, आणि बघायचं ते ज्याच्याकडे शेअर आहेत त्याच्याकडे.

सिरीज न बघता आरोप करणे

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि टाळायला सगळ्यात सोपी आहे. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला शेअर हातात नसताना विकायचा, तर तो इंट्राडेत, म्हणजे त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. त्यापुढे पोझिशन न्यायची तर फ्युचर्स (पुढच्या तारखेच्या सौद्याचे करार) हवेत किंवा शेअर उसने मिळायला हवेत. फ्युचर्स आहेत 200 च्या आसपास कंपन्यांत, त्यात तुमची ती छोटी कंपनी नाही. शेअर उसने देण्या-घेण्याची सोय 2008 पासून आहे, पण असल्या कंपनीचे शेअर तिथे मिळणं कठीण. उसने न घेताच विकून मोकळं होणं, ज्याला नेकेड शॉर्ट म्हणतात, त्याला आपल्याकडे बंदी आहे. जानेवारी 2024 च्या सर्क्युलरमध्ये सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, ते पुन्हा स्पष्ट लिहिलंय.

त्यात शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये असेल (एनएसईवर बीई सिरीज, बीएसईवर टी ग्रुप) तर इंट्राडेही बंद. विकणाऱ्याला डिलिव्हरी द्यावीच लागते.

गेल्या चवथीच्या आधी साखळी गावातला एक हार्डवेअर दुकानदार तक्रार टाइप करून घेऊनच आला. चांगली तीन पानं, प्रत्येक पानावर 'नेकेड शॉर्ट'. टेलिग्रामवरच्या टिपेवर शेअर घेतलेला, रोज 5 टक्के खाली. मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. खरेदीच्या बाजूला पाचही ओळी शून्य, विक्रीला ढीग. "हे बघा, हा ढीग शॉर्टचाच," तो म्हणाला. मी नावापुढच्या 'बीई'वर बोट ठेवलं. ते त्याला कंपनीच्या नावाचंच शेपूट वाटलं होतं.

मग शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर त्याचा तक्ता, उघडला. प्रवर्तकांचे (कंपनी चालवणाऱ्या मालकांचे) निम्म्याहून जास्त शेअर गहाण. एक्स्चेंजच्या साइटवर बल्क डील (दिवसातले मोठे सौदे) बघितले, तर विकणारी एक फायनान्स कंपनी. म्हणजे प्रवर्तकाने शेअर ठेवून कर्ज काढलं, भाव उतरला, मार्जिन, म्हणजे वाढीव तारण, भरलं नाही आणि सावकाराने गहाण माल विकायला काढला. विकणाऱ्याकडे शेअर अगदी खरेखुरे होते. दुकानदार बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण ग्रुपवर सगळे..." पुढचं मी ऐकून घेतलं नाही.

माझी सवय सांगतो. छोटा शेअर घ्यायच्या आधी गहाण टक्केवारी बघतो. ती दर तिमाहीच्या पॅटर्नमध्ये असते, आणि मधल्या काळात गहाण शेअर जप्त झाले तर ते एक्स्चेंजवर जाहीर होतं. भाव पडू लागला की संध्याकाळी बल्क डीलची यादी बघतो. कोणी एका दिवसात कंपनीच्या 0.5 टक्क्याहून जास्त शेअर विकले, तर नाव तिथे येतंच. आयपीओ ताजा असेल तर लॉक-इनच्या, म्हणजे शेअर विकायची बंदी सुटण्याच्या, तारखा बघतो. अँकर गुंतवणूकदारांचे (आयपीओ खुला होण्याआधी शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे) निम्मे शेअर 30 दिवसांनी सुटतात, उरलेले 90 दिवसांनी, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ग्रुपवर 'शॉर्ट अटॅक'ची आरोळी उठते.

अमेरिकेचं औषध इथे घेणे

2021 मध्ये अमेरिकेत गेमस्टॉपचं प्रकरण झालं, छोट्या गुंतवणूकदारांनी त्या कंपनीचे शेअर घेऊन शॉर्टवाल्यांना कोंडीत पकडलं, आणि तिथले उपाय व्हॉट्सॲपवरून थेट फोंड्यापर्यंत पोचले. त्यातला एक माझ्या डोक्यात जातो : आपले शेअर अशक्य भावाला विकायला लावून ठेवा, म्हणजे ब्रोकर ते शॉर्टवाल्यांना उसने देऊ शकणार नाही. अहो, तुमचे शेअर तुमच्याच डीमॅटमध्ये आहेत. ते उसने द्यायचे तर तुम्हाला स्वतःला त्या योजनेत जावं लागतं. 2019 मध्ये कार्वी या ब्रोकरचं प्रकरण झालं, गिऱ्हाइकांचे शेअर ब्रोकरनेच गहाण टाकले हे खरं. पण सप्टेंबर 2020 पासून मार्जिनसाठी दिलेले शेअरही तुमच्याच खात्यात राहून प्लेज (गहाण) होतात. ती भलत्या भावाची ऑर्डर काढून टाका.

बाकीच्या चुका

विक्रीची एकूण संख्या मोठी दिसली म्हणजे शॉर्ट झालं असं नाही. अडकलेले सगळे एकदम दाराकडे धावले की हेच दिसतं.

'शॉर्टवाल्यांना परत घ्यावंच लागेल' म्हणून पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज करत बसू नका. शॉर्ट नाहीच, तर परत घेणार कोण? विकून बाहेरच पडायचं असेल तर मी आदल्या रात्री एएमओ (बाजार बंद असताना द्यायची ऑर्डर) टाकतो, म्हणजे सकाळी रांगेत पुढे राहतो. दहाला उठून ऑर्डर टाकणाऱ्यांनी माझ्याशी वाद घालू नये.

हिंडेनबर्ग या अमेरिकी शॉर्टवाल्या कंपनीचा दाखला देऊ नका. अदानी समूहावरच्या जानेवारी 2023 च्या अहवालात त्यांनीच लिहिलं होतं की आपलं शॉर्ट अमेरिकेतल्या बाँडमध्ये आणि भारताबाहेरच्या डेरिव्हेटिव्हमध्ये आहे. तुमच्या मायक्रोकॅपशी त्याचा काय संबंध?

'ते करतात तर मीही करतो' म्हणून छोट्या शेअरमध्ये स्वतः इंट्राडे शॉर्ट मारणारे नवशिके वेगळेच. अपर सर्किट लागलं की परत घ्यायला विकणारा सापडत नाही. न दिलेला शेअर एक्स्चेंज लिलावातून घेऊन भरतं, तिथे भाव 20 टक्क्यांपर्यंत वर जाऊ शकतो आणि दंड वेगळा. झटपट पैसा हवा असतो, त्याची ही फी.

तक्रार चुकीच्या गोष्टीची करणे

मार्च 2023 मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरच्या प्रकरणात आदेश काढला. यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ, त्यावर लोकांची खरेदी, आणि चढ्या भावात आतल्यांची विक्री, असं सेबीने त्यात मांडलं. छोट्या शेअरची चाल बहुतेक अशी असते, म्हणून तक्रारीत लिहायचं ते हेच : टीप कोणी दिली, कुठल्या तारखेला, किती वाजता, त्या दिवशी भाव आणि व्हॉल्यूम काय होता. साखळीवाल्याच्या तीन पानांत यातलं एकही नव्हतं. टिपेचा स्क्रीनशॉट मागितला, तर चॅनल डिलीट झालेला. टीप आली त्याच दिवशी, शेअर घेण्याच्या आधी, स्क्रीनशॉट काढून तो दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.