जामिनाची रक्कम आणि जामीनदार : या चुका टाळा

"पंधरा हजारांचा जामीन झालाय, पैसे कुठे भरायचे?" मी वकिली सुरू केल्यापासून कोर्टाच्या आवारात नातेवाईक हे विचारतात. बहुतेक वेळा उत्तर असतं, कुठेच भरायचे नाहीत. तोवर कुणीतरी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून आलेलं असतं.

"पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार" या आदेशाचा अर्थ नीट समजून घ्या. आरोपी लिहून देतो की मी तारखेला हजर राहीन, न राहिल्यास एवढी रक्कम देणं लागेन. जामीनदार त्याच रकमेची हमी घेतो. आरोपी पळाला तरच वसुलीचा प्रश्न येतो. रोख भरायची असेल तर आदेशात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून आदेशाची प्रत स्वतः वाचल्याशिवाय, किंवा वकिलाकडून शब्दन् शब्द समजून घेतल्याशिवाय, एक रुपयाही जमवायला निघू नका.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त छळते, ती म्हणजे विकतचा जामीनदार. अमेरिकेत फी घेऊन जामीन भरणाऱ्या कंपन्या असतात. आपल्याकडे कायद्याने असा धंदा नाही. इथे कोर्टाच्या गेटबाहेर "दोन तासांत माणूस उभा करतो" म्हणणारे असतात. एका मारामारीच्या प्रकरणात आरोपीचा थोरला भाऊ असाच घाईला आला. गावाकडच्या मामांची जमीन होती, सातबारा आणि आठ-अ घेऊन ते दोन दिवसांत पोहोचणार होते. मी थांबायला सांगितलं होतं. भावाने मला न विचारता गेटवरच्या माणसाला पैसे दिले. त्याने एका खासगी कंपनीची पगारपत्रकं आणि रेशनकार्ड घेऊन एक जामीनदार आणला. कोर्टातल्या कारकुनाने कंपनीत फोन लावला, तेव्हा त्या नावाचा कुणी कामालाच नव्हता. जामीनदार जिन्यावरून पसार झाला आणि बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यात भावाचंही नाव आलं. पुढे मामा खरा सातबारा घेऊन आले, तर कोर्टाने तोही तलाठ्याकडून तपासून मागितला. धाकटा तेवढे दिवस आतच राहिला. घाईने एक दिवसही वाचला नाही.

जामीनदार यायला वेळ लागणार असेल तर मी जामीन मंजूर झाल्या दिवशीच तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज टाकतो. आता रक्कम भरू द्या, काही आठवड्यांत जामीनदार आणतो, एवढंच मागतो. जामीनदाराची ऐपत दाखवणाऱ्या तहसीलदाराच्या प्रमाणपत्राला वेळ लागतो हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. रोख भरण्याची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 490 मध्ये आहे. जामीनदार मात्र नात्यातला किंवा ओळखीतलाच घ्या. यापूर्वी किती जणांना जामीन राहिलोय हे त्याला लिहून द्यावं लागतं, ते खरं सांगायला लावा.

रक्कम झेपत नसेल तर गप्प बसू नका. याच संहितेचं कलम 484 सांगतं की ती अवाजवी नसावी, आणि ती कमी करण्याचा अधिकार सत्र व उच्च न्यायालयाला आहे. 1978 च्या मोती राम खटल्यात एका गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला होता. भाऊ जामीनदार राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या गवंड्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. पण वरच्या कोर्टात जाण्याची वेळच का आणायची? मिळकत, घरातली माणसं, पक्का पत्ता हे सगळं जामीन अर्जातच मांडा. "आधी जामीन होऊ द्या, मग बघू" म्हणणारे नवे वकील इथेच अशिलाचं नुकसान करतात.

जामीनपात्र गुन्ह्यात, म्हणजे जिथे जामीन हा आरोपीचा हक्क असतो तिथे, पोलीस ठाण्यात कुणी रोख मागितली, तर पावतीशिवाय देऊ नका.

नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, भरलेल्या रकमेची मूळ पावती जपा. ज्याच्या नावे पावती, त्यालाच खटल्यानंतर परतावा मिळतो. शेजाऱ्याच्या नावाने भरून पुढे भांडत बसू नका.

तारीख चुकवू नका. जामीनदाराला नोटीस जाते, रक्कम वसूल होऊ शकते आणि गैरहजेरीचा वेगळा गुन्हाही लागतो.

खरोखर कुणी जामीनदारच नसेल तर? जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही, तर कलम 478 प्रमाणे आरोपी निर्धन धरला जातो आणि नुसत्या मुचलक्यावर सुटतो. इतर गुन्ह्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश आहेत. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सचिवांना कळवायचं असतं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. अधीक्षक कळवतील म्हणून घरी वाट बघू नका. प्राधिकरणाचं कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. आदेशाची प्रत घेऊन आठव्या दिवशी तिथे जा.