‘ट्रेन’पासून सुरुवात करा: इंग्रजी शब्दाचा माग कसा काढावा

इंग्रजी शब्दाचा माग काढायला शिकायचं असेल, तर पहिला शब्द ‘ट्रेन’ घ्या. ठाणेकरांना तरी दुसरा शोधायची गरज नाही. मी नौपाड्यात दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि दर जूनमध्ये याच शब्दापासून सुरुवात करते.

आधी कोश उघडू नका. शब्द आज कुठे कुठे वापरतात ते वहीत लिहा. ट्रेन म्हणजे रेल्वेगाडी. ट्रेन करणं म्हणजे शिकवून तयार करणं. ख्रिस्ती लग्नात नवरीच्या पांढऱ्या झग्याचा मागे जमिनीवर लोळणारा घोळ, तीही ट्रेन. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न पडला की मगच कोशाकडे वळा.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश (पहिला भाग १८८४, शेवटचा १९२८) प्रत्येक अर्थाखाली जुनी छापील वाक्यं सालवार देतो. फुकटात हवं तर डग्लस हार्पर यांची ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ मोबाइलवर उघडते. बरेच जण तिथे लॅटिन मूळ बघतात, ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे, आणि वही मिटतात. खरं काम इथून पुढे आहे. मधल्या पायऱ्या शोधा.

जमिनीवरून ओढला जाणारा घोळ ही जुनी पायरी. त्यानंतर सरदाराच्या मागून चालणारा लवाजमा, मग एकामागोमाग चाललेल्या माणसांची, वाहनांची रांग. एकोणिसाव्या शतकात इंजिनामागे डबे जोडले गेले, तेव्हा त्या रांगेला हाच शब्द लागला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला तीन इंजिनांनी चौदा डबे ओढत आणले, ती अगदी मूळ अर्थाने ट्रेन!

शिकवण्याचा अर्थ वेगळ्या फांदीवरचा. वेलीची डहाळी ओढून हव्या त्या दिशेला वाढवणं म्हणजे ट्रेन करणं. त्यातून माणसाला वळण लावणं आलं. क्लासच्या ग्रिलवर तोंडलीचा वेल आहे. त्याचा कोवळा शेंडा सुतळीने बांधून वर वळवायला मुलांना सांगते. मग ट्रेनिंगचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

पुढे भावंडं शोधा. ट्रॅक्टर ओढतो, अट्रॅक्ट म्हणजे स्वतःकडे ओढणं, सबट्रॅक्ट म्हणजे खालून काढून घेणं. गणितातली वजाबाकी इथे भेटली की वर्गात चेहरे उजळतात.

आणि झकास गोष्ट मिळाली की थांबून सालं तपासा. ‘पॉश’ हा शब्द विलायत-हिंदुस्थान बोटींच्या तिकिटांवरच्या चार आद्याक्षरांतून आला, असं सर्रास सांगतात. तशी अक्षरं छापलेलं तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. पुरावा नसेल तर गोष्ट कितीही आवडो, वहीत घेऊ नका.

ट्रेन जमली की ‘नाइस’ घ्या. त्याचा जुना अर्थ अडाणी, मूर्ख. नंतर ‘मंगूस’ घ्या. तो माग पोर्तुगिजांवरून थेट आपल्या मुंगसापाशी येतो.