पी०४४१ आणि काळे दाणे

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स करून गॅरेजला लागलो, तेव्हा हातात गाडीचे फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर आला की मी स्वतःला डॉक्टर समजायचो. एक पेट्रोल हॅचबॅक आली, चेक इंजिनचा दिवा लागलेला. कोड पी०४४१, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनकडे जायला हवी तशी जात नाही. मी पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे या वाफेची वाट उघडणारी-मिटणारी झडप, बदलला, कोड पुसला, गाडी दिली. पंधरा दिवसांत ती परत दारात.

उस्तादांनी स्कॅनर बाजूला ठेवला आणि गाडीवाल्यांना विचारलं, "त्रास कधी होतो?"

"पंपावर. पेट्रोल भरलं की लगेच स्टार्ट होत नाही. ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागतो."

हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

टाकीतली वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातला कोळसा धरून ठेवतो. इंजिन गरम झालं की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इनटेकचा, म्हणजे इंजिनच्या हवा आत घेणाऱ्या वाटेचा, व्हॅक्यूम ती वाफ ओढून घेतो. करंट नसेल तेव्हा व्हॉल्व्ह बंदच हवा. तो उघडा अडकला, तर पेट्रोल भरताना टाकीतून ढकलली गेलेली वाफ सरळ इंजिनात शिरते, मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, आणि स्टार्टर नुसताच फिरत राहतो.

तपासणी दोन मिनिटांची. इंजिन आयडलला ठेवून व्हॉल्व्हचा कनेक्टर काढायचा, कॅनिस्टरकडचा पाइप सोडवायचा आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडाला बोट लावायचं. करंट नाही, म्हणजे ओढ लागायला नको. माझ्या बोटाला ओढ लागली. नवा व्हॉल्व्हसुद्धा उघडा! मी मल्टिमीटर लावला, व्हॉल्व्ह उघडणारी आतली कॉइल ठणठणीत. वायरिंग किंवा कॉइल गेली असती तर बहुधा पी०४४३, म्हणजे व्हॉल्व्हच्या सर्किटचा कोड, आला असता, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

उस्तादांनी व्हॉल्व्ह काढून वर्तमानपत्रावर आपटला. बारीक काळे दाणे पडले. कॅनिस्टर आतून फुटला होता आणि त्याचा कोळसा पाइपातून येऊन झडपेत अडकत होता. गाडीवाल्यांना नोझल कट झाल्यावरही आकडा राउंड करायची सवय. (आपल्याकडे कोणाला नाही!) जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरून कोळसा भिजत होता.

नवा कॅनिस्टर बसवला, आणखी एक व्हॉल्व्ह टाकला. मधला पाइप दोन्हीकडून सोडवून हवेने साफ केला; जोडलेला ठेवून हवा मारलीत तर दाणे नव्या भागात जातील.

या वेळी गाडी देण्याआधी मी स्वतः पंपावर गेलो. नोझल कट झालं, तिथेच थांबवायला सांगितलं. आकडा आला १,८६३ रुपये. पंपावरचा पोरगा म्हणाला, "एकोणीसशे करू?" नको म्हणालो आणि चावी फिरवली. एका सेल्फमध्ये चालू.