ईसीयू फ्लॅशिंग शिकणाऱ्यांसाठी

गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनासारखी यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या संगणकात (मॉड्यूलमध्ये), नवे सॉफ्टवेअर भरताना (यालाच फ्लॅशिंग म्हणतात) आधी जुने पुसले जाते आणि मगच नवे लिहिले जाते. त्यामुळे मधल्या काही मिनिटांत वीज किंवा संपर्क तुटला, तर मॉड्यूल अर्धवट राहते आणि गाडी सुरूच होत नाही. बूटलोडर, म्हणजे नवे सॉफ्टवेअर आत घेणारा मॉड्यूलमधला छोटा मूळ प्रोग्राम, शाबूत असेल तर पुन्हा प्रयत्न करता येतो, पण त्या भरवशावर कामाला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

म्हणूनच मी नव्या मुलांना स्कॅनरच्या आधी बॅटरीकडे वळवतो. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही जोडलेले नसताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, परंतु इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना ती उतरतच जाते. साधा चार्जर येथे चालत नाही, कारण त्याचे व्होल्टेज वरखाली होते, सुमारे १३.५ व्होल्ट स्थिर देणारा आणि ५० अँपिअर किंवा त्याहून अधिक क्षमतेचा सप्लाय लावावा. एवढी क्षमता कशाला, हे पहिल्याच फ्लॅशिंगला कळते. इंजिनाचा ईसीयू लिहिला जात असताना इतर मॉड्यूलांशी बोलत नाही, त्यामुळे अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा एकदम पूर्ण वेगाने घोंगावू लागतो आणि डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे लागतात. नवखा माणूस नेमका याच वेळी घाबरून केबल उपसतो. अशा वेळी कशालाही हात न लावता पडद्यावरची पट्टी पुढे सरकते आहे ना, एवढेच पाहत राहावे.

हेडलाइट, एसी आणि म्युझिक सिस्टीम आधीच बंद करावी, लॅपटॉप चार्जरवर ठेवून त्याचा स्लीप मोड काढावा आणि ब्लूटूथऐवजी यूएसबी केबल वापरावी.

फाइल निवडताना मात्र मुळीच घाई करू नये. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-६ (भारत स्टेज-६) हे नियम लागू झाले, त्यामुळे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्यांचे सॉफ्टवेअर वेगळे असू शकते. मॉडेलच्या नावावर न जाता चासी नंबर, ईसीयूचा पार्ट नंबर आणि सध्याच्या सॉफ्टवेअरचा क्रमांक जुळवून पाहावा. सगळ्या मॉड्यूलांचे जुने फॉल्ट कोडही (मॉड्यूलने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) आधी जतन करावेत, म्हणजे नंतर दिसणारा दोष पूर्वीचा की आत्ताचा, हे ग्राहकाला पुराव्यानिशी सांगता येते.

लेखन पूर्ण झाल्यावर इग्निशन बंद करून, कंपनीच्या सूचनेत दिलेला वेळ थांबून, कोड पुसावेत, आवश्यक तेथे थ्रॉटलचे रीलर्निंग (हवेच्या झडपेची स्थिती ईसीयूला पुन्हा शिकवणे) आणि इंजेक्टरचे कोडिंग (इंधन फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरचा क्रमांक ईसीयूत भरणे) करावे आणि गाडी रस्त्यावर फिरवून आणल्यावर पुन्हा एकदा संपूर्ण स्कॅन करूनच चावी ग्राहकाच्या हाती द्यावी.