ॲम्पला कळू नये की गिटारिस्ट घरी गेलाय

एकदा मिक्सला बसल्यावर लक्षात आलं की गिटारच्या ॲम्पचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) फार चढला होता, सगळे कॉर्ड चिखल झाले होते. वादन मात्र अप्रतिम होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवून घेतलं, पण ती ऊब काही परत आली नाही. तेव्हापासून ॲम्पसमोर माइक लावलेला असला तरी डीआय बॉक्समधून (गिटारचा नाजूक सिग्नल थेट रेकॉर्डिंगजोगा करणारी डबी) कोरडा, म्हणजे ॲम्पमधून न गेलेला सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घेतल्याशिवाय मी रेकॉर्डचं बटण दाबत नाही. तो ट्रॅक नंतर हव्या त्या ॲम्पमधून वाजवून पुन्हा माइकने टिपायचा, यालाच री-ॲम्पिंग म्हणतात.

कोरडा ट्रॅक २४ बिटमध्ये घ्या, पीक मीटरवर -१२ डीबीच्या आसपास ठेवा, कम्प्रेसर-ईक्यू काही लावू नका. एडिटिंग आधीच उरकून प्रत्येक जोडावर छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा वर येऊ द्या. कोरड्या ट्रॅकमध्ये जेमतेम ऐकू येणारी टिचकी डिस्टॉर्शनमधून फटाक्यासारखी बाहेर येते.

आता खरी मेख. इंटरफेसचा (वाद्य आणि कॉम्प्युटर जोडणारं यंत्र) लाइन आउटपुट बॅलन्स्ड, कमी इम्पिडन्सचा (सिग्नलच्या वाटेतला विद्युत अडथळा) आणि बऱ्यापैकी जोरकस असतो. प्रोफेशनल लेव्हल +४ डीबीयू म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. ॲम्पला सवय असते गिटारच्या पिकअपची: सिग्नल नाजूक, इम्पिडन्स जास्त. म्हणून मध्ये री-ॲम्प बॉक्स लागतो. तो डीआयच्या उलट काम करतो. ओल्ड स्कूल फझ पेडल तर इम्पिडन्सच्या बाबतीत फारच हळवं असतं, बॉक्सशिवाय त्याचा आवाज किरकिरा होतो.

लेव्हल मी अंदाजाने कधीच लावत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी इंटरफेसच्या गिटार इनपुटचा गेन किती होता ते लिहून ठेवतो. मग कोरड्या ट्रॅकच्या जागी -१२ चा एक टोन वाजवतो, फेडर शून्यावर. बॉक्समधून निघालेली केबल ॲम्पला न लावता त्याच इनपुटला, त्याच गेनवर लावतो आणि मीटर पुन्हा -१२ दाखवेपर्यंत बॉक्सचा नॉब फिरवतो. आता बॉक्समधून तेवढेच व्होल्ट निघतात, जेवढे गिटारमधून निघाले होते. केबल ॲम्पला लावा. यात पाच मिनिटं जातात, पण इथे आळस केला की ॲम्प एक तर गळपटतो नाहीतर उगाच किंचाळतो, आणि आपण दोष माइकला देत बसतो.

व्हॉल्व्ह ॲम्प असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हम, म्हणजे सततची घूं-घूं येत असेल तर बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या ग्राउंडचा जोड तोडणारं बटण) दाबा. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढायची नाही, कधीच नाही. जिवाशी खेळ आहे. माइकचा ट्रॅक चुकून त्याच आउटपुटला गेला तर फीडबॅक उसळेल, म्हणून राउटिंग दोनदा तपासा.

मग माझा सगळ्यात आवडता भाग. आठ बार लूपवर टाका, कानाला बंद हेडफोन लावा आणि शूअर एसएम५७ सारखा माइक हातात धरून स्पीकरसमोर सावकाश सरकवा. स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर आवाज धारदार असतो. बोटभर कडेला गेलात की बोचरेपणा विरघळतो, अजून कडेला गेलात की आवाज जाड आणि काळोखा होतो. गिटारिस्ट दमत नाही, कंटाळत नाही. तोच कॉर्ड पन्नासदा येतो, तेव्हा घाई करू नका. जागा सापडली की स्टँड घट्ट आवळा.

कोरडा आणि नवा ट्रॅक एकत्र वाजवणार असाल तर कोरड्या ट्रॅकच्या सुरुवातीला एक क्लिक टाकून ठेवा. माइक ३४ सेंटीमीटर लांब असला तरी आवाज मिलिसेकंदभर उशिरा पोचतो, त्यात कन्व्हर्टरचा उशीर वेगळा. झूम करून दोन्ही क्लिक जुळवा, मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा. ज्या बाजूला खर्ज भरदार लागतो, ती बाजू ठेवा. निघण्याआधी ॲम्पच्या नॉबचे आणि माइकचे फोटो काढून सेशनच्या फोल्डरमध्ये टाका.