उबंटूवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर कसा बसवावा आणि सांभाळावा

एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स असेल तर या भानगडीत पडूच नका. त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असतो, बाकीचं मेसा ही मुक्त ग्राफिक्स लायब्ररी बघते. डोकेदुखी एनव्हिडियाची. आपोआप चालू होणारा नूवो हा मुक्त ड्रायव्हर रोजच्या कामाला पुरतो, पण कूडा (कार्डावर गणितं चालवायची एनव्हिडियाची सोय) हवं असेल किंवा जड गेम खेळायचे असतील तर कंपनीचाच ड्रायव्हर लागतो.

तो कंपनीच्या साइटवरून डॉट-रन फाइल उतरवून बसवू नका. उबंटूचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम एप्ट, त्याला त्या फाइलचा पत्ता नसतो. कर्नल बदलला की मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग) जुन्याच कर्नलचं राहू शकतं आणि स्क्रीन काळी पडते. उबंटूच्या रिपॉझिटरीतलाच (अधिकृत पॅकेज-साठ्यातलाच) घ्या.

आधी सगळे अपडेट घेऊन मशीन रिस्टार्ट करा. मग टर्मिनलमध्ये 'उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस' ही कमांड द्या (टाइप करताना अर्थात इंग्रजी छोटी अक्षरं). ज्या आवृत्तीपुढे 'रेकमेंडेड' दिसेल ती शक्यतो बदलू नका. 'सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' तीच बसवते. हाताने निवडायचीच असेल तर कार्डाची पिढी बघा. आरटीएक्स ५० मालिकेला नावात 'ओपन' असलेलाच लागतो. जीटीएक्स १० किंवा त्याहून जुन्या कार्डावर 'ओपन' चालत नाही, आणि ९ व १० मालिकांसाठी ५८० ही शेवटची शाखा आहे. 'सर्व्हर' लिहिलेले घरच्या मशीनसाठी नाहीत.

बरेच लोक अडकतात ते सिक्युअर बूटपाशी, म्हणजे सही पटलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सुरक्षेपाशी. इन्स्टॉल होताना पासवर्ड ठरवायला सांगितला, तर तो लिहून ठेवा. रिस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल मॉक' (मॉक म्हणजे मशीनमालकाची सहीची किल्ली), 'कंटिन्यू', 'येस' निवडून तोच पासवर्ड द्या. ही स्क्रीन थोडाच वेळ थांबते. ती हुकली तर सही न पटलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही, आणि ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही. अशा वेळी 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' देऊन पुन्हा रिस्टार्ट करा.

शेवटी 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. कार्डाचं नाव आणि आवृत्ती दिसली की काम झालं. अपडेटनंतर हीच कमांड 'व्हर्जन मिसमॅच' म्हणाली तर घाबरू नका: लायब्ररी नवी आली आहे, मॉड्यूल अजून जुनंच चालू आहे. रिस्टार्ट पुरे.

कर्नल अपडेटनंतर स्क्रीन काळीच राहिली, तर सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रब (कर्नल निवडायचा मेनू) उघडा आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. तो चालला तर बहुधा नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार झालेलं नाही. डीकेएमएस हा प्रोग्राम प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बनवतो. 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर बहुधा हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नसतात. 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' हे पॅकेज बसवा (कर्नल 'एचडब्ल्यूई' प्रकारचा असेल तर त्याच नावाचं, 'एचडब्ल्यूई'वालं). '/बूट'चं (कर्नलच्या फाइली जिथे असतात त्या फोल्डरचं) वेगळं पार्टिशन असेल तर 'डीएफ -एच'ने तिथली जागाही बघा. जुन्या कर्नलांनी ते भरलं की नव्याची इनिटरॅमएफएस (सुरू होताना लागणारी फाइल) अर्धवट राहू शकते. 'सुडो एप्ट ऑटोरिमूव्ह' जुने कर्नल काढतं, पण चालणारा एक तरी मागचा कर्नल शिल्लक आहे ना, ते आधी बघा.